व्हाया घाटकोपर

गेल्या रविवारी बोरिवलीचे भाऊजी आमच्याकडे मुलुंडला जेवायला आले आणि जेवणानंतर बडीशेप चघळता चघळता म्हणाले, "आपल्याकडे मुळात फुटबॉल कल्चरच नाही रे!" या सदराच्या जुन्या वाचकांना भाऊजी ठाऊक आहेत. उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोजून मगच तो तोंडात टाकणारे ते हेच. त्यांच्या बऱ्याचशा वाक्यांकडे मी दुर्लक्ष करतो, बहिणीच्या संसाराचा प्रश्न असतो. हे वाक्य मात्र आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, कारण ते उच्चारताना त्यांच्या हातात अमेरिका दौऱ्याचं वेळापत्रक होतं. रंगीत छापलेलं. सामने हिरव्यात, प्रेक्षणीय स्थळं पिवळ्यात आणि एडिसनच्या भाच्याकडचा मुक्काम लाल रंगात. लाल रंगच जास्त होता.

विषय ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढच्या महिन्यात, ११ जूनला, फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू होतोय आणि १९ जुलैपर्यंत चालणार आहे. यजमान तीन: अमेरिका, कॅनडा, मेक्सिको. पहिल्यांदाच ४८ संघ, १०४ सामने, १६ शहरं. भारत नाही. तो कधीच नसतो, त्यामुळे आपल्या माणसाला वाटेल त्या देशाचा शर्ट घालायची मोकळीक असते. भाऊजींनी अर्जेंटिनाचा घेतलाय. बोरिवली स्टेशनबाहेर, घासाघीस करून.

एका विमानतिकिटात नवराबायको दोघांचीही हौस भागावी, ही या दौऱ्यामागची मूळ कल्पना. ताईला नायगारा, लिबर्टीचा पुतळा आणि वॉशिंग्टन बघायचंय, भाऊजींना मेस्सी. आता नायगारा आहे तिथेच राहणार, पण मेस्सी फिरतीवर. अर्जेंटिनाचे गटातले सामने कॅन्सस सिटी आणि डॅलसला, आणि ताईची यादी सगळी पूर्व किनाऱ्याकडची. कतारचं त्या मानाने बरं होतं. २०२२ साली आठही स्टेडियमं दोहा आणि आसपासच होती, माणसं मेट्रोने एका दिवसात दोन-दोन सामने बघत होती. या खेपेला व्हँकुव्हर ते मायामी हेच अंतर साडेचार हजार किलोमीटरच्या घरात जातं. शिवाय जिला सगळे 'न्यूयॉर्कची फायनल' म्हणतात ती न्यूयॉर्कला नाहीच, न्यू जर्सीतल्या ईस्ट रुदरफोर्डला आहे. आपण पाहुण्याला मुंबईत मॅच दाखवतो म्हणून नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला नेतो, तसाच प्रकार.

तिकिटं फिफा सोडत काढून देते. भाऊजींना म्हाडाची लॉटरी कधी लागली नाही, फिफाची लागली. २५ जून, फिलाडेल्फिया, कुरासाओ विरुद्ध आयव्हरी कोस्ट.

"हे कुरासाओ कुठे आलं?" असं ताईने विचारलं, तेव्हा भाऊजींनी अर्जेंटिनाच्या शर्टाची घडी घालायला घेतली. मी सांगितलं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचं कॅरिबियन बेट आहे, नेदरलँड्सच्या राज्यात मोडतं, वस्ती दीड लाखाच्या आसपास. वर्ल्ड कपला पात्र ठरलेल्या देशांत आजवरचा सगळ्यात कमी वस्तीचा. २०११च्या जनगणनेत आमच्या मुलुंडच्या टी वॉर्डात तीन लाखांवर माणसं निघाली होती, म्हणजे नुसत्या मुलुंडात दोन कुरासाओ मावतात आणि वर नाहूरकडे थोडी जागा उरते. ताई हसली. भाऊजी म्हणाले, "बघ, तेच म्हणतोय मी. कल्चर लागतं!"

एडिसनच्या भाच्याची मला खरी काळजी वाटते. गेली कित्येक वर्षं तो दर दिवाळीला फोनवर "मामा, या की एकदा निवांत" असं म्हणायचा, आणि मामा येणार नाहीत या भरवशावर म्हणायचा. आता मामा येतायत, आणि निवांत. न्यू जर्सीत ज्याचं म्हणून घर आहे, त्या प्रत्येक मराठी माणसाची सध्या हीच गत असणार. एरवी ज्यांना 'तिकडे फार लांब उपनगरात राहतो बिचारा' असं म्हणायचे, ते एकाएकी फायनलच्या स्टेडियमजवळचे नातेवाईक झाले. भाच्याच्या सासरच्यांनी तर फायनलचा आठवडा आधीच धरून ठेवलाय. त्यांच्याकडे तिकीट नाही. त्यांना फक्त वातावरण बघायचंय. ते बाहेरच्या खोलीत झोपणार, हे आत्ताच ठरलंय.

ताईला वेगळीच चिंता. अमेरिकेतल्या मोठ्या स्टेडियमांत पारदर्शक पिशवीच चालते, हे तिला कुणीतरी सांगितलं. म्हणजे मेथीचे ठेपले, भडंग, गुडघ्याचं तेल आणि भाऊजींची बीपीची गोळी असं सगळं जगापुढे मांडून आत जायचं. "माझी पर्स अख्ख्या फिलाडेल्फियाने का बघायची?" या तिच्या प्रश्नाला भाऊजींकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

व्हिसाचं तेवढं त्यांना बघावं लागलं नाही. भाच्याच्या मुलाच्या बारशाला काढलेला दहा वर्षांचा व्हिसा आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांना अमेरिकेने आधीच बजावलंय, की सामन्याचं तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. रशियाने २०१८ साली या बाबतीत मन मोठं केलं होतं. तिकीट दाखवा, फॅन आयडी घ्या, व्हिसाशिवाय या, वर एका यजमान शहरातून दुसऱ्या शहरात खास रेल्वेने फुकट जा. भाऊजी-ताई तेव्हा गेले होते. आणि इथेच माझी मूळ तक्रार आहे.

तो २०१८चा जून आठवतोय मला. १ तारखेला, शुक्रवारी, अंधेरीच्या क्रीडा संकुलात चार देशांच्या इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये भारताचा पहिला सामना होता, चायनीज तैपेईशी. मी भाऊजींना फोन केला. "चला, बघून येऊ. तुम्ही बोरिवलीहून या, मी मुलुंडहून घाटकोपर करून मेट्रोने आझाद नगरला उतरतो. पन्नास रुपयांत काम होतं."

"अंधेरीला?" भाऊजी म्हणाले. "शुक्रवार संध्याकाळी? वीरा देसाई रोडला केवढं ट्रॅफिक असतं माहितीये का?"

मॉस्कोच्या ट्रॅफिकबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात त्यांच्याकडे रशियाची खरेदी चालली होती. रशिया म्हटल्यावर ताईने जून महिन्यात दोघांना कानटोप्या घेतल्या होत्या.

मी गेलो. भारत ५-० जिंकला, सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या, एकीवर मी छत्री ठेवली, दुसरीवर डबा. समोरच्या रांगेत एक कुटुंब होतं, त्यातला मुलगा प्रत्येक गोलला उभा राहायचा आणि मग आसपास कुणीच उभं नाही हे बघून ओशाळून खाली बसायचा. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्या देशाच्या कर्णधाराला आपल्याच लोकांना सामन्याला बोलवावं लागतं, याचा मला तेव्हाही राग आला होता आणि लिहिताना आजही येतोय. विराट कोहलीपासून सगळ्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला. सोमवारी, ४ जूनला, केनियाविरुद्धचा सामना छेत्रीचा शंभरावा होता. तिकिटं संपली. धो धो पाऊस, मैदानात पाणी, चेंडू लाथाडला की दोन हातांवर जाऊन थबकायचा, पूर्वार्धात गोल नाही. तरी कुणी उठून गेलं नाही. उत्तरार्धात तीन गोल झाले, त्यातले दोन छेत्रीचे. परतीच्या मेट्रोत निथळणारी माणसं एकमेकांच्या अंगावर पाणी सांडत ओरडत होती आणि मरोळ नाक्याला चढलेली ऑफिसची मंडळी आमच्याकडे भीतीने बघत होती.

१४ जूनला भाऊजी मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियममध्ये होते. ७८ हजार प्रेक्षकांत. उद्घाटनाचा सामना, रशिया विरुद्ध सौदी अरेबिया. रशिया जिंकली. ५-०.

परत आल्यावर त्यांनी त्या पाच गोलांचे व्हिडिओ आम्हाला टीव्हीवर लावून दाखवले. मग ताईने हर्मिटेजचे फोटो दाखवले. कुठला गोल कुणी मारला हे भाऊजींना सांगता येईना, कारण पाचही वेळा ते समोरच्या माणसाच्या झेंड्यामागे होते.

आणि हे म्हणणार, कल्चर नाही. कोल्हापूरला जाऊन या म्हणावं. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांचा सामना असला की पेठांत दुसरा विषय नसतो, आणि ही सगळी घरची पोरं, स्थानिक लीग. भिंतींवर ब्राझील-अर्जेंटिना रंगवतात, ते वेगळंच. २०१७ साली सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. बोरिवलीहून कोल्हापूरला रात्रीची बस मिळते, त्यासाठी फॅन आयडी लागत नाही.

जाता जाता एक. भारताला वर्ल्ड कपची परदेशवारी एकदा घरबसल्या चालून आली होती. १९५० साली ब्राझीलला. गटातल्या इतरांनी माघार घेतल्याने आपण न खेळताच पात्र ठरलो, खर्चाचा बराचसा भार उचलायची ब्राझीलची तयारी होती असंही सांगतात, आणि आपण गेलो नाही. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून नाही गेलो, ही गोष्ट लोकांना फार आवडते. त्या वेळच्या फुटबॉल संघटनेला ऑलिंपिक जास्त मोठं वाटत होतं आणि इतक्या लांबच्या प्रवासात तिला रस नव्हता, हे जास्त खरं. म्हणजे तिकीट, प्रवास, मुक्काम सगळं जुळून आलेलं असताना ट्रॅफिकचं कारण काढणारे तेव्हाही होते. त्यानंतर बोलावणं आलेलं नाही. २०२४च्या जूनमध्ये दोहात कतारकडून १-२ असे हरून आपण याही वेळी बाद झालो. त्यांचा बरोबरीचा गोल झाला तेव्हा चेंडू रेषेबाहेर गेला होता हे सगळ्यांनी पाहिलं, फक्त पंचांनी नाही. त्याच्या आधीच्याच आठवड्यात छेत्री निवृत्त झाला होता. पुढे २०२७च्या एशियन कपलाही आपण पात्र ठरलो नाही, बांगलादेशकडूनही हरलो. अंधेरीला त्या पावसात भिजलेल्यांना याचं जे वाईट वाटतं ते भाऊजींना वाटणार नाही. त्यांचा संघ अर्जेंटिना आहे.

असो. दोघं १५ जूनला निघतायत, विमानात ताईला खिडकी मिळालीये आणि भाचा घरात नवीन गादी आणतोय. तुम्हा-आम्हाला हे सगळं टीव्हीवर बघायचं आहे. फायनल १९ जुलैला तिकडच्या दुपारी तीनला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला. एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी झाल्या तर साडेतीन वाजतील. दुसऱ्या दिवशी सोमवार आहे. रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा.