हंगामापूर्वीचा ताळेबंद

पावसाळा ओसरला की हौशी गोल्फपटू नव्या हंगामाच्या तयारीला लागतात. गोल्फ म्हटले की परभणीकरांच्या डोळ्यांसमोर पुण्याचे येरवडा किंवा मुंबईचे चेंबूर येते; परंतु या खेळाची निम्मी तयारी घरीही होऊ शकते. 18 होलच्या मैदानासाठी ठरलेल्या 72 फटक्यांपैकी 36 फटके 'पटिंग'चे, म्हणजे चेंडू हलकेच होलकडे घरंगळवण्याचे धरलेले असतात. त्यांचा सराव दिवाणखान्यातील सतरंजीवर रोज पंधरा मिनिटे करावा.

उरलेली तयारी हिशेबाची. 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीनुसार अखेरच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांवरून खेळाडूचा 'हँडिकॅप', म्हणजे त्याला मिळणारी फटक्यांची सूट, ठरते. बक्षिसाच्या मोहाने काही जण चांगल्या फेऱ्या नोंदवतच नाहीत व सूट फुगवतात. प्रत्येक फटक्यावर नजर ठेवणारा पंच या खेळात नसतो; जमाखर्च ज्याचा त्यानेच सांगायचा असतो.

1925 च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू किंचित हलला. इतर कोणाला ते दिसले नव्हते. तरी त्यांनी स्वतःहून एका फटक्याचा दंड घेतला. तो नसता तर विजेतेपद त्यांचेच होते. बरोबरीनंतरच्या निर्णायक फेरीत ते एका फटक्याने हरले. लोकांनी वाखाणणी केली, तेव्हा बँक लुटली नाही म्हणून कोणाचे कौतुक करतात काय, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात.

तेव्हा नव्या स्टिकची खरेदी करण्याआधी गतहंगामाची वही उघडावी आणि राहिलेल्या फेऱ्या, चांगल्या व वाईट, जशाच्या तशा नोंदवाव्यात.