यादीतली नावे आणि बारा वादक

मुसलमानांच्या देशनिष्ठेवर कुणी बोट ठेवले की आपण लगेच शहिदांची यादी काढतो. अमक्या लढाईत आमचे इतके गेले, तमक्याला हे पदक मिळाले. यादी खरी असते, तरी मला हा प्रकार खटकतो. मेलेला माणूस अशाने आपल्या बाजूचा साक्षीदार होऊन बसतो. त्याची भीती, त्याचे घर, त्याचा आवाज कुणी विचारत नाही. त्याची आठवण जपायची तर कविता आणि मोजक्या साथीचे संगीत जास्त कामाचे, असे माझे मत आहे.

ब्रिटिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचे उदाहरण घ्या. कव्हेंट्रीचे जुने कॅथेड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. शेजारी नवे उभे राहिले, तेव्हा ३० मे १९६२ रोजी तिथे ब्रिटन यांची ‘वॉर रेक्विएम’ ही रचना पहिल्यांदा सादर झाली. तिच्यात मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना आहे. तिला मोठा वाद्यवृंद आणि समूहगान दिले आहे. मध्ये मध्ये विल्फ्रेड ओवेन या सैनिक कवीच्या कविता येतात. हा कवी पहिले महायुद्ध थांबायला जेमतेम आठवडा उरला असताना, पंचविसाव्या वर्षी मारला गेला. त्याच्या कवितांना साथ आहे फक्त बारा वादकांची, त्यामुळे सैनिकाचा शब्द न् शब्द ऐकू येतो. त्या कविता गायला एक इंग्रज आणि एक जर्मन गायक होते. जर्मन गायक फिशर-डिस्काऊ स्वतः हिटलरच्या फौजेत जबरदस्तीने भरती झालेले होते. शेवटी हे दोघे मरणानंतर भेटलेल्या दोन शत्रू सैनिकांची कविता गातात.

उर्दू वाचकाला यात परके वाटावे असे काही नाही. आपल्या सोजखानीत तर वाद्यही नसते. एक जण मर्सियातले बंद सुरात म्हणतो, दोन-चार साथीदार मागे सूर धरतात. करबलाचे शहीद बहात्तर, पण मीर अनीस एकेकाला वेगळे समोर आणतात : हजरत अब्बास यांची पाण्याची मशक, अली असगर या तान्ह्या बाळाची तहान. शत्रूच्या फौजेतून आलेल्या हुर्र यांनाही तिथे मानाची जागा आहे. वर्गात मर्सिया शिकवताना मी मुलांना सांगतो की, आकडा पाठ करू नका, माणूस ओळखा.

पहिल्या महायुद्धात तेरा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. फ्रान्समधल्या नव-शापेल इथल्या स्मारकावर ज्यांची कबर किंवा चिता कुठे हे कळले नाही अशांची ४,७०० हून अधिक नावे आहेत. त्यांत हिंदू, मुसलमान, शीख सगळेच आहेत. फ्रान्समधून या शिपायांनी घरी पाठवलेली पत्रे सेन्सॉर वाचत असे. म्हणून काहींनी युक्ती केली : हिंदी शिपायांना काळी मिरी म्हणायचे, गोऱ्यांना लाल मिरची. काळी मिरी संपत आली, एवढे लिहिले की गावाकडे काय ते कळे. सेन्सॉरने केलेले अशा पत्रांचे इंग्रजी उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

ही माणसे साम्राज्यासाठी लढली, बरीचशी पगारासाठी गेली. त्यामुळे आजच्या देशभक्तीच्या गाण्यांत त्यांना जागा मिळत नाही आणि आपल्या यादीतही ती नीट बसत नाहीत. आपल्याकडच्या एखाद्या संगीतकाराने ती पत्रे हाती घ्यावीत, असे मला फार वाटते. दोन आवाज पुरेत, एक उर्दूतला, एक मराठीतला. साथीला सारंगी असली तर असू दे. ज्यांना वाद्य चालत नाही त्यांनी सोजसारखे नुसत्या सुरावर म्हणावे. ऐकणाऱ्याला त्या शिपायाचा धर्म शेवटी कळला, तरी काही बिघडणार नाही.