रिपोर्ट नॉर्मल आहे

शेजारच्या मावशी पासष्टीच्या, अंगाने किरकोळ. गुडघे दुखतात म्हणून गेली कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेतात. रिकामी पट्टी दाखवली की मेडिकलवाला तशीच दुसरी देतो, चिठ्ठी मागत नाही. परवा त्यांनी रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. क्रिएटिनिन 1.1, छापलेल्या मर्यादेच्या काठावर, पण आत. "किडनी ठणठणीत आहे गं माझी," त्या म्हणाल्या.

हाच 1.1 आकडा पंचविशीतल्या धडधाकट तरुणाचा असता, तर ठरलेल्या सूत्राने त्याच्या किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला 95 मिलिलिटरच्या आसपास निघाली असती. मावशींची त्याच सूत्राने 55 निघते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. अंगावर मांसच कमी असेल तर ते तयारही कमी होतं आणि किडनीची झीज आकड्यामागे झाकली जाते. गाळण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत अनेकांचं क्रिएटिनिन मर्यादेतच राहतं. दुखत नाही, खुपत नाही आणि रिपोर्टही नॉर्मल. मला भीती वाटते ती याचीच.

किडनीला आपण गाळणी म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन मूठभर अवयवांकडे जातो. प्रत्येकीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता, पुढे लांब वळणावळणाची नळी. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. पाणी, मीठ, साखर, युरिया सगळं नळीत उतरतं. दिवसाला 180 लिटर! लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं परत रक्तात जातं. दिवाळीला माळ्यावरचं सगळं सामान अंगणात काढावं आणि हवं तेवढंच उचलून परत आत लावावं, तसं हे काम रात्रंदिवस चालतं.

या परत घेण्यातच किडनीची खरी हुशारी आहे. नळीचा पहिला भाग सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतो, साखर तर जवळजवळ सगळी. रक्तातली साखर 180च्या वर गेली की उचलणारे हात अपुरे पडू लागतात आणि ती लघवीत उतरते. शेवटच्या भागात संप्रेरकांच्या हुकमाने बारीक हिशेब होतो: आज पाणी कमी प्यायलात, तर लघवी थोडी आणि गडद. या उचलाउचलीला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू, आणि किडनीच्या आतल्या भागात तो आधीच बेताचा असतो. रक्तपुरवठा घटला तर पहिली झळ या नळ्यांना बसते.

म्हणूनच अंगात पाणी कमी पडलं की किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार करून आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या नेमकं तेच द्रव्य बनू देत नाहीत. गुडघ्याची सूज उतरते ती त्यामुळेच. (पॅरासिटॅमॉल या जातीचं नाही.) तरुण, निरोगी, भरपूर पाणी प्यालेल्या माणसाने अशी गोळी दोन दिवस घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण जुलाबाने गळालेला म्हातारा, त्यात टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, जोडीला लघवीची गोळी, आणि वर ही? आत येणारी वाट आवळली, बाहेर जाणारी सैल झाली, वाहणारं पाणीच आटलं. गाळायला दाबच उरत नाही. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, पण अशा दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगदुखीची गोळी तोंडात टाकू नका.

ऊसतोडीच्या फडात तर हे सगळं एकत्र येतं. पहाटेपासून कोयता चालतो, डोक्यावर मोळी, वर ऊन. आडोसा नाही म्हणून बायका पाणी बेतानेच पितात, आणि रात्री अंग मोडून आलं की गोळी. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या तरुणांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. मधुमेह नाही, बीपी नाही. कारणांचा वाद पूर्ण मिटलेला नाही, पण कडक उन्हातले कष्ट हा मोठा संशयित आहे, आणि पाणी, सावली व सक्तीची विश्रांती दिल्यावर किडनीची इजा घटल्याचं तिथे दिसलं. आपल्या मुकादमांच्या टोळ्यांत सावलीचा आणि विश्रांतीचा हिशेब कोण ठेवतो?

जन्मानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. काही गेले की उरलेले जास्त राबतात, आणि त्या जादा राबण्यानेच झिजतात. 2016पासून सरकारी योजनेत गरिबांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळू लागलं, हे मोठंच काम झालं. पण यंत्र रक्त धुतं. शरीराला आज काय हवं ते ओळखून परत उचलणारी नळी त्याच्यात नाही. म्हणून डायलिसिसवरचा माणूस पाणी पेल्याने मोजून पितो आणि केळं हातात घेताना थबकतो.

मावशींच्या रिपोर्टवर गाळण्याची क्षमता छापलेलीच नव्हती. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी त्यांना कुणी सांगितली नव्हती; ती कागदावर लिहून दिली. कागद त्यांनी गोळ्यांच्या डब्यात, पट्टीखाली ठेवला. पट्टीत चार गोळ्या शिल्लक होत्या.