पितृस्मरण आणि पित्याचा शब्द

दिवंगत पित्याविषयी लिहिताना मुलाची लेखणी सहसा स्तुतीकडे झुकते. हे स्वाभाविक असले, तरी अशा स्तुतीत पिता हरवतो आणि मुलाचा शोक तेवढा उरतो. या दृष्टीने हिंदीतील अमृतराय यांचे उदाहरण मननीय आहे. १९३६ साली प्रेमचंद निवर्तले, तेव्हा अमृतराय अवघे १५ वर्षांचे होते. १९६२ मध्ये त्यांनी ‘कलम का सिपाही’ हे पित्याचे चरित्र सिद्ध केले. त्याच वर्षी प्रेमचंदांची पत्रे ‘चिट्ठी-पत्री’तून आणि विखुरलेल्या कथा ‘गुप्तधन’मधून वाचकांपुढे आल्या. चरित्र तपासून पाहण्याची साधनेच चरित्रकाराने अशा रीतीने अभ्यासकांच्या हाती दिली. मराठीत नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या ग्रंथात वडील स्वतःच्या बोलीत आपली कहाणी सांगतात. एक पिता ख्यातनाम लेखक, दुसरा मुंबई बंदरात राबलेला श्रमिक. परंतु दोन्हीकडे मुलाने पित्याचे शब्द जपले. म्हणून अशा ग्रंथांचे मूल्यमापन करताना केवळ भावनेची उत्कटता मोजू नये; पित्याला स्वतः बोलण्यास किती अवकाश मिळाला, हेही पाहावे. पितृऋण फेडण्याचा वाङ्मयाला साधणारा मार्ग बहुधा हाच आहे.