समुपदेशक कोणाच्या बाजूचा?

या स्तंभासाठी येणाऱ्या पत्रांत एक मागणी सतत असते. ‘मुलाला आणि सुनेला समुपदेशकाकडे पाठवायचं आहे, सुनेला जरा समजावून सांगेल असं कोणी सुचवा.’ सुनेचे वडील लिहितात तेव्हा समजावायचं असतं जावयाला, आणि बायको लिहिते तेव्हा नवऱ्याला. पूर्वी मामा-काका बैठक घालायचे, दोन्हीकडचं ऐकायचे, ज्याचं चुकलं त्याला चार शब्द सुनवायचे आणि संसार पुढे ढकलायचे. आता मामा-काकांचं कोणी ऐकत नाही, म्हणून त्यांच्या जागी पदवी घेतलेला मामा हवा, एवढीच अपेक्षा असते. विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचं काम मन लावून करणारी माणसं मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. ही बैठक घालायला ती ठाम नकार देतात. तो नकार हाच त्यांच्या कामाचा पाया आहे, असं माझं मत आहे.

हे सगळं परदेशी खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९५०च्या दशकात अमेरिकेत मरे बोवेन यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर त्यांची अख्खी कुटुंबं रुग्णालयात राहायला आणली आणि आजाराकडे घरातल्या नात्यांच्या संदर्भात पाहायला सुरुवात केली. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. रुग्ण फार, माणूसबळ तुटपुंजं. त्यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहायला बोलावलं. नातेवाईक रुग्णाचं करत, डॉक्टर त्यांच्याशी बोलत, आणि घरी परतणारं माणूस एकटं परतत नसे. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मानसिक आजाराच्या रुग्णासोबत घरच्यांनी राहण्याची पद्धत जोपासली, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंबोपचाराचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. माणसाला त्याच्या घरासकट समजून घ्यायचं, हे आपल्याकडे कोणी बाहेरून आणून लादलेलं नाही.

आता खोलीत काय चालतं ते पाहू. जोडपं येतं. ती म्हणते, हा बोलतच नाही. तो म्हणतो, ही सारखी बोलते. दोघांचंही खरं असतं. अनुभवी समुपदेशक इथे कोण जास्त चुकतं याचा हिशेब मांडत नाही. तो विचारतो, ‘ती आवाज चढवते तेव्हा तुम्ही काय करता?’ ‘गॅलरीत जातो.’ मग तिला, ‘हे गॅलरीत गेले की तुम्ही काय करता?’ ‘मागे जाते, म्हणजे ऐकतील तरी.’ पुन्हा त्याला, ‘त्या मागे आल्या की?’ ‘गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडतो.’ एवढ्या तीन उत्तरांत दोघांच्या भांडणाचा सगळा फेरा समोर येतो. तो लांब जातो म्हणून ती मागे लागते आणि ती मागे लागते म्हणून तो आणखी लांब जातो. विषय सासूचा असो, फ्लॅटच्या हप्त्याचा असो की मुलाच्या शाळेचा, फेरा तोच. १९८०च्या दशकात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी जोडप्यांसाठी जी भावनाकेंद्रित उपचारपद्धती विकसित केली, तिचा सुरुवातीचा मोठा भाग हा फेरा दोघांना एकत्र दाखवण्यात जातो. तो दिसला की दोघंही एकमेकांऐवजी त्या फेऱ्याकडे बोट दाखवू लागतात. तिच्या ओरडण्यामागे ‘मी याच्या लेखी आहे की नाही’ ही भीती असते, त्याच्या गप्प बसण्यामागे ‘काहीही केलं तरी मी कमीच पडणार’ ही. ही वाक्यं त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारली जातात तेव्हा लग्नाला कधी कधी वीस वर्षं झालेली असतात.

इटलीत मिलानमध्ये मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न विचारण्याची एक रीत बसवली. मला ती या व्यवसायातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. एका माणसाला इतर दोघांमधल्या नात्याबद्दल विचारायचं. आपल्या घरांत हा प्रश्न कसा लागू पडतो बघा. नवरा-बायको आणि सासूबाई समोर बसल्या आहेत, बारा वर्षांची मुलगी कोपऱ्यात. समुपदेशक मुलीला विचारतो, ‘आई आणि आजी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या की घरात आधी कोणाच्या लक्षात येतं?’ मुलगी म्हणते, ‘माझ्या. मग मी बाबांना ऑफिसात फोन करते.’ आपली मुलगी घरातली निरोप्या झाली आहे हे मोठ्यांना ठाऊक नसतं. त्यावर कोणी प्रवचन द्यावं लागत नाही. खोलीतली शांतता पुरते.

बोवेन यांनी सांगितलेला त्रिकोण आपल्याकडे तर घरोघरी भेटतो. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं. आई मुलाकडे सुनेची तक्रार करते, मुलगा आईचं म्हणणं बायकोला सांगतो, बायको माहेरी फोन लावते. मुलगा ‘मी मध्ये अडकलोय’ म्हणतो तेव्हा त्याला बिचारा ठरवायची घाई होते. समुपदेशक त्याला वेगळं काम देतो. आईचं म्हणणं बायकोला पोचवायचं नाही, बायकोचं आईला पोचवायचं नाही, आणि ‘मला स्वतःला काय हवंय’ हे दोघींसमोर बोलायचं. पस्तिशीच्या पुरुषाला हे किती जड जातं ते समुपदेशकांना विचारा. आपण मुलग्यांना नोकरी करायला शिकवतो, घरात स्वतःचं मत मांडायला शिकवत नाही.

यातून कुटुंब समुपदेशकाची कसोटी निघते. खोलीतल्या प्रत्येकाला, सासूबाईंनासुद्धा, ‘माझं इथे ऐकलं गेलं’ असं वाटलं पाहिजे. इव्हान बोसोर्मेनी-नागी यांनी हा आग्रह धरला होता: बाजू घ्यायचीच तर सगळ्यांची घ्या, एकामागून एक, अगदी जो हजर नाही त्याचीही. हे अवघड काम आहे. सत्र संपल्यावर रात्री एकाचा फोन येतो, ‘तुम्हाला एक सांगायचं होतं, पण तिला कळता कामा नये.’ एकदा ते गुपित ऐकून पोटात ठेवलं की समुपदेशक त्या घरातल्या आणखी एका त्रिकोणाचं टोक होतो. म्हणून जाणते समुपदेशक पहिल्याच भेटीत गुपितांबद्दलचा नियम दोघांसमोर स्पष्ट करतात.

मग यशाचं माप कुठलं? संसार टिकला तर यश, मोडला तर अपयश, हे माप मला मान्य नाही. अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या संभाषणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात, ते सुटत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण आहे. टिकणारी जोडपीही त्याच त्या गोष्टींवर भांडतात. फरक पडतो तो बोलण्यात तुच्छता आहे की नाही, याने. तुच्छतेने भरलेलं घर टिकवून धरलं तर ते कोणासाठी टिकलं? आणि दोघांनी नीट बोलून, मुलांना हत्यार न बनवता वेगळं व्हायचं ठरवलं, तर समुपदेशकाचं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे मात्र न्यायालयातली समुपदेशनाची व्यवस्था समेटाच्या पायावर उभी आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४चा. या न्यायालयांत वकील हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, आणि परिस्थितीनुसार शक्य असेल तिथे तडजोडीचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्य आहे. महाराष्ट्रात १९८९मध्ये मुंबई आणि पुण्यात ही न्यायालयं सुरू झाली आणि त्यांच्यासोबत विवाह समुपदेशक आले. महाराष्ट्राच्या नियमांत एक फार मोलाची तरतूद आहे: समुपदेशकाजवळ बोललेलं गोपनीय राहतं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी कागदांवर एकमेकांची लक्तरं टांगलेली असताना त्या छोट्या खोलीत तरी माणसं माणसांसारखी बोलू शकतात. हे समुपदेशक आम्ही पाहतो त्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतात. मुलाला आई-बाप दोघंही भेटावेत म्हणून तारखा, वेळा, सुट्ट्या लावून देतात, पोटगीच्या आकड्यामागचा अपमान ऐकून घेतात. ‘किती जोडपी परत नांदायला गेली’ एवढाच प्रश्न त्यांना विचारणं हा त्यांच्या कामावर अन्याय आहे.

सगळ्यांची बाजू घेण्याच्या तत्त्वाला एक मर्यादा आहे, आणि ती पुसट ठेवून चालत नाही. घरात मारहाण होत असेल तर ‘दोघांचा फेरा’ ही भाषा घातक ठरते. ती बोलली म्हणून त्याने मारलं, हा फेरा नव्हे. कुटुंबोपचाराच्या सुरुवातीच्या मांडणीवर स्त्रीवादी उपचारकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून नेमकी हीच टीका केली, की घरातली सत्ता कोणाच्या हातात आहे हे न पाहता सगळ्यांना सारखं जबाबदार धरू नका. त्या टीकेने हा व्यवसाय सुधारला. मुंबईत १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. तिथल्या समाजकार्यकर्त्या पोलीस व्यवस्थेच्या आत बसून स्त्रीच्या सुरक्षिततेपासून सुरुवात करत आल्या आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५चा, त्याचे नियम २००६चे. त्या नियमांत स्पष्ट आहे की समुपदेशनात हिंसेचं कोणतंही समर्थन ऐकून घेतलं जाणार नाही, आणि हे हिंसा करणाऱ्याला आधीच सांगायचं. तरीही ‘एक थप्पड मारली तर काय झालं, जुळवून घ्या’ असं सांगणारे समुपदेशक आजही भेटतात. असा सल्ला देणाऱ्याला मी समुपदेशक मानत नाही.

असे समुपदेशक भेटतात याचं एक कारण म्हणजे आपल्याकडे पाटी लावायला फारसं काही लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने वर्तनविषयक व्यावसायिकांनाही कक्षेत घेतलं आहे. पण ‘मॅरेज काउन्सेलर’ अशी पाटी आज आठवडाभराच्या ऑनलाइन कोर्सवरही लागलेली दिसते. कॅलिफोर्नियात या व्यवसायाचा परवाना मिळवण्यासाठी पदव्युत्तर शिक्षणाखेरीज जाणत्यांच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचे ३,००० तास दाखवावे लागतात. इथे आम्ही लग्नाच्या हॉलची जितकी चौकशी करतो तितकी समुपदेशकाची करत नाही.

म्हणून पत्रं लिहिणाऱ्या आई-वडिलांना माझं उत्तर असं आहे. समजावणारं माणूस शोधू नका, आणि मुलांच्या वतीने वेळही घेऊ नका, ती त्यांची त्यांना घेऊ द्या. मुलांनी पहिल्या फोनवर शिक्षण कुठे झालं आणि देखरेखीखाली किती काम केलं ते विचारावं. गुपितांबद्दल नियम काय आहे ते विचारावं. आणि एकत्र बसवण्याआधी दोघांना एकेकटं भेटून, घरात भीती वाटते का, कधी हात उगारला गेला का, हे विचारता का, ते विचारावं. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवून दुसरा नंबर लावावा.