पुन्हा आली काळी बुरशी!

भाड्याचा वन बीएचके, चकचकीत टाइल्स आणि फटींमध्ये काळी बुरशी! रविवारी ब्लीच लावून घासली, पंधरा दिवसांत मॅडम पुन्हा हजर. कारण सोपं आहे. सिमेंटचं ग्राउट पाणी शोषतं. ब्लीचने रंग जातो, ओल राहतेच. म्हणून आंघोळीनंतर भिंतींवरून वायपर फिरवा, एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू ठेवा. ग्राउट भुसभुशीत झालं असेल तर खरवडून इपॉक्सी भरून घ्या. (आधी घरमालकांना विचारा, डिपॉझिट त्यांच्याकडे आहे!) आणि घाईत ब्लीचमध्ये अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीच मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. त्यापेक्षा डाग राहिलेला परवडला, बॉस!