मागचं दार आधी बंद करा

सप्टेंबर २००८. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक ऐन रंगात आली होती. रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूवरचं खासगी ई-मेल खातं २० वर्षांच्या एका कॉलेज विद्यार्थ्याने उघडलं. त्याने पासवर्ड ओळखला नव्हता की कुठलं खास सॉफ्टवेअर वापरलं नव्हतं. ‘पासवर्ड विसरलात का?’ या ओळीवर त्याने क्लिक केलं. याहूने जन्मतारीख विचारली, पिन कोड विचारला आणि नवऱ्याची भेट कुठे झाली तेही विचारलं. उमेदवाराची ही माहिती इंटरनेटवर कुणालाही सापडण्यासारखी होती. वासिला हायस्कूल हे उत्तर दिलं आणि खातं उघडलं. आतल्या मेलचे स्क्रीनशॉट जगभर फिरले. २०१० साली त्या तरुणाला एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली.

या घटनेतून आपण घ्यायचा तो धडा अजून घेतलेला नाही. ई-मेल सुरक्षित ठेवा म्हटलं की आपण पासवर्डकडे वळतो. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घालतो आणि निश्चिंत होतो. हे पुढच्या दाराचं कुलूप झालं. पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवण्याची जी वाट असते, ते मागचं दार. तिथे कुणाचा मोबाइल नंबर नोंदवलाय, कुठला दुसरा मेल पत्ता दिलाय, हे बहुतेकांना आठवतही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही वाट ज्याच्या हातात, खातं त्याचं. वर नाव कुणाचंही असो.

ऑगस्ट २०१२ मध्ये ‘वायर्ड’चे पत्रकार मॅट होनान यांच्यावर जे ओढवलं, त्याने हेच सिद्ध केलं. हल्लेखोराने ॲमेझॉनच्या ग्राहकसेवेला फोन करून त्यांच्या खात्यात शिरकाव केला आणि तिथे त्यांच्या क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार अंक पाहिले. ॲपलच्या ग्राहकसेवेला तेच चार अंक आणि घरचा पत्ता ओळख म्हणून पुरले. ॲपलचं खातं हाती आलं. जीमेल परत मिळवण्यासाठी होनान यांनी ॲपलचाच मेल पत्ता दिलेला होता, त्यामुळे जीमेलही गेलं, आणि जीमेलमागोमाग ट्विटर. त्याच दरम्यान हल्लेखोराने त्यांचा आयफोन, आयपॅड आणि लॅपटॉप दुरूनच पुसून टाकले. लॅपटॉपमध्ये त्यांच्या लहानग्या मुलीचे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. गूगलची दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू असती तर हे बहुधा टळलं असतं, असं होनान यांनी स्वतःच लिहिलं. ती सोय तेव्हा उपलब्ध होती.

आता आपल्या घरात पाहू. आयकर खात्याच्या सूचना, म्युच्युअल फंडाची विवरणपत्रं, विम्याच्या पॉलिसी, डॉक्टरांचे रिपोर्ट, नोकरीची पत्रं असं सगळं मेलवरच येतं. त्यातल्या बऱ्याच पीडीएफना पासवर्ड असतो, पण तो कोणता? फंडांच्या एकत्रित विवरणपत्राला पॅन क्रमांक आणि आयकर विवरणपत्राच्या पोचपावतीला पॅन व जन्मतारीख. पॅन कार्डाचा फोटो मात्र कधीतरी एजंटला पाठवलेला असतो आणि तो त्याच खात्याच्या ‘सेंट’मध्ये पडून असतो. म्हणजे मेलमध्ये शिरलेल्या माणसाला पुढची कुलपं उघडायचं साहित्यही तिथेच मिळतं. शिवाय शॉपिंगच्या संकेतस्थळापासून सोशल मीडियापर्यंत इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे येतात ते याच पत्त्यावर.

इतकं महत्त्वाचं हे खातं महाराष्ट्रात अनेकांचं उघडलं कुणी? प्रवेशाचा, शिष्यवृत्तीचा किंवा भरतीचा अर्ज भरताना मेल पत्ता अनेकदा सक्तीचा असतो. विद्यार्थ्याकडे तो नसतो. मग सायबर कॅफेतला किंवा सेवा केंद्रावरचा ऑपरेटर दोन मिनिटांत खातं काढून देतो. पासवर्ड ठेवतो नाव आणि पुढे १२३. बाहेर रांग असते, ओटीपीला वेळ लागतो, म्हणून नंबर स्वतःचाच टाकतो. यात त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही, रांग हलवायची असते. पण पुढे नोकरीच्या मुलाखतीचं पत्र याच खात्यावर येतं, आणि त्या खात्याचं मागचं दार तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानात उघडं राहिलेलं असतं.

घरातही निराळं घडत नाही. आई-वडिलांचं खातं पुण्यातून किंवा न्यू जर्सीतून मुलगा सांभाळतो आणि नंबर त्याचाच देतो, बहुधा भारतातला जुना नंबर, ज्यावर त्याने कित्येक महिन्यांत रिचार्ज केलेला नसतो. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. मग ओटीपी जातो त्या अनोळखी माणसाकडे. अनेक बायकांच्या खात्यावर नवऱ्याचा किंवा भावाचा नंबर असतो. अनधिकृत प्रवेश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातला हॅकर येतो, पण दुसऱ्याचे मेल न विचारता वाचणारा माणूस त्याच घरातला असू शकतो. नात्यामुळे ती परवानगी आपोआप मिळत नाही. प्रौढ बाईच्या खात्यावर तिचाच नंबर हवा, यावर घरात चर्चासुद्धा व्हायचं कारण नाही.

सुरक्षा प्रश्नांचंही तेच. आईचं माहेरचं आडनाव हे गुपित म्हणून विचारलं जातं, आणि आपल्या लग्नपत्रिकेत मामांचं नाव आडनावासकट छापलेलं असतं. मूळ गाव, शाळा, जन्मतारीख यांतलं काहीच लपलेलं नसतं. जिथे असे प्रश्न अजून विचारतात, तिथे खरं उत्तर देऊ नका. तुम्हालाच माहीत असेल असं काहीतरी ठेवा आणि लिहून ठेवा.

पुढचं दार मात्र अनेकदा आपणच उघडून देतो. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने मेल आला: कुणाकडे तरी तुमचा पासवर्ड आहे, ताबडतोब बदला. तो मेल तपासणाऱ्या तंत्रज्ञाने तो खरा असल्याचं कळवलं. आपल्याला नेमकं उलट लिहायचं होतं, असं त्याने पुढे सांगितलं. त्याने गूगलचा खरा दुवाही दिला होता आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावायलाही सांगितलं होतं. पण क्लिक झालं ते खोट्या मेलमधल्या बटणावर. ऑक्टोबरमध्ये पोडेस्टांचे हजारो मेल विकिलीक्सवर आले. या सापळ्याचं सगळं बळ त्या ‘ताबडतोब’मध्ये होतं. म्हणून नियम एकच: मेलमधल्या बटणावरून पासवर्ड कधीही बदलायचा नाही. ब्राउझर उघडायचा, पत्ता स्वतः टाइप करायचा आणि तिथे जाऊन पाहायचं.

आता कामाला लागू. पहिलं काम मागच्या दाराचं. खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन नोंदवलेला मोबाइल आणि दुसरा मेल पत्ता तपासा. दोन्ही तुमचे हवेत आणि चालू हवेत. त्या दुसऱ्या खात्यालाही तितकंच जपा, होनान तिथूनच अडकले.

दुसरं, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. एसएमएसवर येणारा कोड काहीच नसण्यापेक्षा बरा, पण तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणी फसवून काढलं की तो कोड त्याच्याकडे जातो. फोनवरच सतत नवा कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप अधिक भरवशाचं. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने चालणारी किल्ली, त्याहून चांगली, कारण ती खऱ्या संकेतस्थळावरच चालते आणि खोट्या पानावर टाइप करायला तुमच्याकडे काही उरतच नाही. गूगल १० बॅकअप कोड देतं. ते कागदावर घेऊन घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. फोन हरवला तर तेच कामाला येतील.

तिसरं काम जवळपास कुणीच करत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ पाहा. आत शिरलेला माणूस पुष्कळदा तुमच्या प्रत्येक मेलची प्रत स्वतःकडे वळवून ठेवतो. किंवा बँकेचे मेल तुमच्या नजरेला पडण्याआधीच कचऱ्यात जातील असा नियम लावतो. पासवर्ड बदलला तरी ही व्यवस्था तशीच चालू राहते. खातं कोणकोणत्या उपकरणांवर उघडं आहे आणि कुठल्या ॲपना ते वाचायची मुभा दिली आहे, हेही बघा. ओळखीचं नसेल ते काढून टाका.

पासवर्डचं म्हणाल तर मेलचा पासवर्ड लांब हवा आणि दुसऱ्या कुठेही वापरलेला नको. २०१३ साली याहूची तब्बल ३०० कोटी खाती फुटली आणि हा खरा आकडा जगाला २०१७ मध्ये कळला. एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड चोर शंभर ठिकाणी लावून पाहतात. दर तीन महिन्यांनी उगाच बदलण्याची मात्र गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेनेही २०१७ मध्ये ती जुनी शिफारस मागे घेतली. फुटल्याची शंका आली की त्याच दिवशी बदला.

आणि खातं गेलंच, तर घाई करा. नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून खातं परत मिळवायचा प्रयत्न करा, कारण गूगल या खुणाही पाहतं. चोराने नंबर बदलला असला तरी पहिले सात दिवस जुन्या नंबरवर कोड मागवायची संधी मिळू शकते. लगेच बँकेलाही कळवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. दुसऱ्याचा पासवर्ड फसवून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

पण हे सगळं नागरिकावर सोडून सरकारला मोकळं होता येणार नाही. ज्या शासनाने अनेक अर्जांत ई-मेल सक्तीचा केला, त्याने तो सुरक्षित कसा ठेवायचा हे शिकवण्याची जबाबदारीही घ्यायला हवी. सेवा केंद्रांना स्पष्ट आदेश द्या की अर्जदाराच्या खात्यावर ऑपरेटरचा नंबर टाकायचा नाही आणि पासवर्ड अर्जदारानेच टाइप करायचा. अकरावीच्या प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने एक तास यासाठी ठेवावा. मुलांनी आपापलं खातं उघडावं, त्यावरचा परका नंबर काढावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. याला नवा निधी लागत नाही, नवी समिती लागत नाही, संगणक कक्ष आणि शिक्षक आहेतच. सोळाव्या वर्षी ज्याने आपलं खातं स्वतःच्या ताब्यात घेतलं, तो पुढे आई-वडिलांचंही त्यांच्या ताब्यात देईल. शिक्षण विभागाने ते परिपत्रक येत्या प्रवेशफेरीआधी काढावं.